याच्यावर हे चालतं का? सीरम, ॲसिड आणि रेटिनॉल गोव्याच्या हवेत एकत्र वापरताना

"ताई, याच्यावर हे चालतं का?" फार्मसीच्या काउंटरवर हा प्रश्न आता खोकल्याच्या औषधाइतकाच नेहमीचा झालाय. विचारणारीच्या एका हातात नायसिनामाइडचं सीरम असतं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर कुठला तरी तक्ता उघडलेला असतो. हिरवी खूण म्हणजे चालतं, लाल फुली म्हणजे चालत नाही. हे तक्ते सपशेल खोटे नसतात. पण दोन रसायनं एकमेकांना बिघडवतात का, एवढंच ते सांगतात, आणि खरोखर बिघडवणाऱ्या जोड्या मोजक्याच आहेत. बघायला हवं ते हे, की तुमची त्वचा एका आठवड्यात एकूण किती जळजळ सोसेल. ही सोसण्याची ताकद प्रत्येक बाटलीसाठी वेगळी नसते. सगळ्या बाटल्यांना मिळून एकच खातं असतं, आणि फेसवॉश, वॅक्सिंग, चेहऱ्यावर चोळलेलं लिंबू, मिरामारच्या वाळूत घालवलेली दुपार हे सगळं त्याच खात्यातून वजा होतं.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत हा हिशेब जास्त कडक आहे. गोऱ्या त्वचेवर ॲसिड जरा जास्त झालं की ती लाल होते आणि काही दिवसांत निवळते. आपल्याकडे ती लाली जाताना मागे तपकिरी डाग सोडते आणि तो पुसट व्हायला महिने लागतात. म्हणजे डाग घालवायला आणलेल्या बाटल्यांनीच नवे डाग पडतात. काउंटरवर येणाऱ्या निम्म्या तक्रारींची गोष्ट हीच असते.

आधी घरातल्या बाटल्यांची मागची बाजू वाचा

"ग्लो", "ब्राइट", "क्लिअर" असं पुढे काय छापलंय ते सोडून द्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, सगळ्यात जास्त असलेला घटक आधी. त्या यादीत तुम्हाला दोन स्वभावाचे घटक शोधायचे आहेत. मी त्यांना तापट आणि शांत म्हणते.

तापटांची चार घराणी आहेत. पहिलं ॲसिडांचं: ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही एएचए, आणि तेलात विरघळून छिद्रात शिरणारं सॅलिसिलिक हे बीएचए. दुसरं रेटिनॉइडांचं, म्हणजे व्हिटॅमिन एच्या रूपांचं: रेटिनॉल, रेटिनाल, ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन. तिसरं बेंझॉइल पेरॉक्साइड. चौथं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचं मूळ रूप. ते नीट काम करायला आंबट, साधारण ३.५ पेक्षा कमी पीएचचं असावं लागतं (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट), म्हणून ते चुरचुरतं.

शांतांमध्ये नायसिनामाइड, हायल्युरॉनिक ॲसिड, सेरामाइड, पॅन्थेनॉल, अल्फा आर्ब्युटिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. ॲझेलेइक ॲसिड या दोघांच्या मधलं. सुरुवातीचे काही दिवस खाज आणतं, मग गुमान राहतं. नावात "ॲसिड" आहे म्हणून हायल्युरॉनिकला घाबरणारे पुष्कळ भेटतात. ते साल काढत नाही, फक्त पाणी धरून ठेवतं.

आता मोजा. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये ग्लायकोलिक, सीरममध्ये लॅक्टिक आणि रात्रीच्या क्रीममध्ये रेटिनॉल, असं निघालं तर तुम्हाला वाटत होतं एक ॲक्टिव्ह (त्वचेवर प्रत्यक्ष काम करणारा घटक), आहेत चार. आणखी एक फसवी जागा म्हणजे मुरुमांच्या जेलची ट्यूब. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक असलेल्या काही जेलमध्ये सोबत ॲडापॅलीन असतं, काहींत नायसिनामाइड. "मी फक्त मुरुमांचं जेल लावते" म्हणणारी मुलगी रोज रात्री रेटिनॉइड लावत असू शकते. त्यावर तिने रेटिनॉलचं सीरम घेतलं की एकाच घराण्यातले दोघे झाले. त्यातून फायदा वाढत नाही, सोलवटणं वाढतं.

ट्यूबवर लाल उभी रेघ आणि आरएक्स अशी खूण असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, चिठ्ठीचं औषध आहे. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन त्यातलेच. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून ते घेऊ नका.

दुसरी पायरी: तीन आठवडे काहीच "करू" नका

ही पायरी सगळे गाळतात. कुठलंही ॲक्टिव्ह सुरू करण्याआधी निदान दोन-तीन आठवडे फक्त तीन गोष्टी वापरा: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. आंघोळीचा साबण चेहऱ्याला नको. साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. रोज साबण लावून मग सीरम चुरचुरतं म्हणून सीरमला दोष देणं बरोबर नाही.

"गोव्यात एवढा घाम येतो, मॉइश्चरायझर कशाला?" हा इथला हक्काचा आक्षेप. घाम म्हणजे त्वचेतली ओल नव्हे. घामाने चिकट झालेल्या चेहऱ्याचा वरचा थर ॲसिडांनी फाटका झालेला असू शकतो. जाड क्रीम नकोच, पण पातळ जेल-क्रीम, ज्यात ग्लिसरीन किंवा सेरामाइड आहे, ते हवं. खोबरेल तेल मात्र मुरुम येणाऱ्या चेहऱ्यावर नको. केसांना हवं तेवढं लावा, फक्त कपाळावर ओघळू देऊ नका.

सनस्क्रीनवर जरा थांबते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ऑगस्टातला तो सूर्य ढगांमागे असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण अतिनील किरणांचा बराचसा भाग ढगांतूनही खाली येतो. कोरडी वाळू त्यातले साधारण १५ टक्के किरण वर परत फेकते, म्हणून किनाऱ्यावर टोपी घालूनही हनुवटी आणि नाकाखालचा भाग काळवंडतो. आणि काचेतून यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, आत येतो. म्हापसा ते पणजी रोज कदंब बसच्या खिडकीशी बसून जाणाऱ्यांनी "मी कुठे उन्हात जाते" म्हणू नये.

एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ (यूव्हीए अडवण्याची खूण) किंवा वर, आणि पाणी-घामाला टिकणारं घ्या. प्रमाण: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग एसपीएफ ५० चा आकडा फक्त ट्यूबवर राहतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, पोहून आल्यावर लगेच पुन्हा. गालावर वांग असेल तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन बघा, कारण वांग साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. सनस्क्रीनमध्ये सीरमचे थेंब मिसळून लावायची जी टूम निघालीय ती सोडा. त्याने सनस्क्रीनचा सलग थर तुटतो. सीरम आधी, ते सुकू द्या, सनस्क्रीन शेवटी.

तीन आठवड्यांनी बघा. कित्येकांचे निम्मे त्रास इथेच मिटलेले असतात, आणि मग चौथी बाटली विकत घ्यायची गरजच उरत नाही. आमच्या धंद्याला हे बरं नाही, पण खरं आहे.

तिसरी पायरी: एकच तापट निवडा

तक्रार एक, घटक एक. काळे-पांढरे काटे (ब्लॅकहेड, व्हाइटहेड) आणि तेलकट नाक असेल तर सॅलिसिलिक, ०.५ ते २ टक्के. लालसर, पू होणारे मुरुम असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. हे १० टक्क्यांच्या तोडीचं काम करतं आणि जाळतं कमी, म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. मुरुम गेले पण खुणा उरल्या असतील तर ॲझेलेइक, १० टक्के, किंवा डॉक्टरांनी दिलं तर १५-२० टक्के. सावळ्या त्वचेसाठी मला कोणी एकच बाटली निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. मुरुम आणि डाग दोन्हींवर चालते, गरोदरपणातही चालते, आणि उन्हाशी तिचं भांडण नाही. सुरकुत्या आणि खडबडीतपणा असेल तर रेटिनॉल, ०.१ ते ०.३ टक्क्यांपासून.

घेतलेली बाटली थेट तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी दिवसातून दोनदा, सात दिवस, लावून ठेवा. एकदा लावून दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून मोकळं होऊ नका, ॲलर्जी उशिराही उठते. रेटिनॉइड किंवा पेरॉक्साइडला तिथे थोडी कोरड येणारच. खाज, सूज, फोड आले तर मात्र ती बाटली तुमची नाही.

मग चेहऱ्यावर: आठवड्यातून दोन रात्री, दोन आठवडे. ठीक वाटलं तर एक दिवसाआड. रेटिनॉइड संपूर्ण चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढंच. डोळ्यांचे कोपरे, नाकपुडीच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांना आधी मॉइश्चरायझर लावून ठेवा, सोलायला सुरुवात तिथूनच होते. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेत रेटिनॉइड जास्त आत जातं आणि जास्त जाळतं. आमच्याकडे पावसाळ्यात चेहरा कोरडा व्हायलाच वेळ लागतो, तेव्हा पंख्याखाली बसा. नाजूक त्वचेला मॉइश्चरायझर, रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर असा क्रम सोपा जातो.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत मुरुम वाढल्यासारखे वाटतील. ते "बाहेर निघतंय" की "बिघडतंय", हे कसं ओळखायचं? नेहमीच्या जागीच येताहेत, लवकर पिकून जाताहेत आणि घटक रेटिनॉइड किंवा ॲसिड आहे, तर धीर धरा, लावणं सोडू नका. जिथे कधी आले नाहीत तिथे येताहेत, सोबत आग आणि खाज आहे, तर बिघडतंय. नायसिनामाइड किंवा हायल्युरॉनिकने मुरुम "बाहेर निघत" नसतात. त्याने आले तर ते सोसत नाहीये एवढाच अर्थ. परिणाम बघायला बारा आठवडे द्या. त्याआधी दुसरं तापट आणू नका, नाहीतर कशाने काय झालं हे कळायचा मार्गच उरत नाही.

आता जोड्या

*खरोखर एकमेकांना बिघडवणारे.* बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन: पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनचं विघटन करतं, उजेडात तर आणखी लवकर. म्हणून पेरॉक्साइड सकाळी, ट्रेटिनॉइन रात्री. ॲडापॅलीनला मात्र पेरॉक्साइडने काही होत नाही. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असलेली जेल मिळतातच, ०.१ आणि २.५ टक्क्यांची. तेव्हा "रेटिनॉइड आणि पेरॉक्साइड कधीच नाही" हा तक्त्यातला नियम अर्धाच खरा. दुसरी जोडी पेरॉक्साइड आणि व्हिटॅमिन सी. एक ऑक्सिडीकरण करणारा, दुसरा ते थांबवणारा. एकावर एक लावले तर व्हिटॅमिन सीचे पैसे वाया. वेगळ्या वेळी लावा. पेरॉक्साइडची आणखी एक खोड, ते कापडाचा रंग उडवतं. पांढरा अभ्रा वापरा, आणि चवथीला नवी साडी नेसताना गळ्यावर ओलं पेरॉक्साइड ठेवू नका.

*दोघेही तापट, म्हणून एका रात्री नकोत.* ॲसिड आणि रेटिनॉल, ॲसिड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक वेगवेगळ्या बाटल्यांतून. "ॲसिडचा पीएच रेटिनॉलला मारतो" असं सांगितलं जातं. भीती त्याची नाहीच, दोघांनी मिळून वरचा थर उघडा पाडण्याची आहे. इथे मी तडजोड करत नाही: रेटिनॉइडच्या रात्री ॲसिड नाही. फेसवॉशमधलं सॅलिसिलिकसुद्धा त्या संध्याकाळी बाजूला ठेवा. ते अर्ध्या मिनिटात धुऊन जात असलं तरी खात्यातून थोडं वजा होतंच.

*उगाच बदनाम झालेले.* नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी. त्यांनी एकत्र येऊन नायसिन तयार होतं आणि चेहरा लाल होतो, ही भीती जुन्या, अस्थिर मिश्रणांवरून आणि जास्त तापमानातल्या प्रयोगांवरून आलेली आहे. घरातल्या तापमानाला चेहऱ्यावर तसं होत नाही. सकाळी व्हिटॅमिन सी, ते सुकलं की नायसिनामाइड, मग सनस्क्रीन, खुशाल लावा. एकाच वेळी दोन थर चिकट वाटत असतील (मे महिन्यात वाटतातच), तर नायसिनामाइड रात्री ढकला. आणि नायसिनामाइड ४-५ टक्के पुरे होतं. १० टक्क्यांनी काहींचे गाल लाल होतात आणि ते दोष व्हिटॅमिन सीला देतात.

*एकमेकांना सांभाळून घेणारे.* रेटिनॉइड आणि नायसिनामाइड ही माझ्या मते सगळ्यात शहाणी जोडी. नायसिनामाइड त्वचेचा वरचा थर भरून काढतं, त्यामुळे रेटिनॉइडची कोरड कमी होते. रेटिनॉइड आणि सेरामाइड, तेच. ॲझेलेइक आणि नायसिनामाइड डागांसाठी. व्हिटॅमिन सी आणि सनस्क्रीन सकाळी. क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही जोडी तर जमवायलाच हवी. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक एकटंच महिनोन्महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. पेरॉक्साइड सोबत असेल तर तसं होणं टळतं. तुमच्या चिठ्ठीत एकटं क्लिंडामायसिन असेल आणि ते संपलं की पुन्हा पुन्हा आणत असाल, तर डॉक्टरांना एकदा विचारा.

घरी करायची ३० टक्क्यांची लाल पीलं (साल काढणारी ॲसिडची द्रावणं), दहा मिनिटं ठेवून धुवायची, यांबद्दल विचारलं तर मी नको म्हणते. घरगुती एएचएला १० टक्के पुष्कळ झाले. त्यापुढचं काम क्लिनिकमध्ये, बघणारं कोणी समोर असताना.

आठवडा कसा लावायचा

समजा तुम्हाला मुरुमही आहेत आणि खुणाही, आणि पहिल्या घटकाला तीन महिने झालेत. सकाळ रोज सारखी: पाणी किंवा सौम्य फेसवॉश, हवं तर व्हिटॅमिन सी किंवा ॲझेलेइक (दोन्ही नको), हलका मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री असं:

सोमवार: रेटिनॉइड आणि मॉइश्चरायझर
मंगळवार: फक्त मॉइश्चरायझर
बुधवार: सॅलिसिलिक किंवा मँडेलिक, मग मॉइश्चरायझर
गुरुवार: फक्त मॉइश्चरायझर, हवं तर नायसिनामाइड
शुक्रवार: रेटिनॉइड
शनिवार, रविवार: काही नाही

शनिवार-रविवार मोकळे ठेवण्याचं कारण साधं आहे. रविवारी आपण समुद्रावर जातो, नाहीतर शेता-बागायतीत. आधीची रात्र तापट नसेल तर ऊन आणि खारं पाणी त्वचेला कमी लागतं. एएचए असेल तर ते थांबवल्यावरही साधारण आठवडाभर त्वचा उन्हाला हळवी राहते, हे लांबची सहल ठरवताना लक्षात ठेवा.

ज्यांची त्वचा लवकर चिडते त्यांना आणखी एक वाट आहे. पेरॉक्साइड पाच-दहा मिनिटं ठेवून धुवून टाका, रेटिनॉइड अर्ध्या तासाने धुवा. परिणाम थोडा मंद, पण नियमित लावता येतं.

इथला पाऊस, इथलं ऊन

जूनमध्ये पाऊस लागला की हवेतली ओल वाढते आणि काउंटरवर एक ठरावीक तक्रार येते. कपाळावर, पाठीवर, छातीवर एकसारख्या आकाराच्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या, आणि सॅलिसिलिक, पेरॉक्साइड काहीही लावलं तरी जात नाहीत. त्या बहुतेकदा मुरुम नसतातच. मॅलॅसेझिया नावाची बुरशी घामट, तेलकट त्वचेच्या केसमुळांत वाढते, तिचं हे काम. तिला तेलातली स्निग्धाम्लं आवडतात, खोबरेलातलंही. इथे पाचवं ॲक्टिव्ह आणू नका, डॉक्टरांना दाखवा; औषध बुरशीवरचं लागतं.

पावसाळ्यात रेटिनॉइड सुरू करायला हरकत नाही. उलट मार्च-एप्रिलपेक्षा तो काळ बरा. फक्त ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडू नका, वर ऑगस्टचा सूर्य सांगितलाच. ऑक्टोबरात पाऊस जाऊन ऊन एकदम तापतं, तेव्हा नवीन काही सुरू करू नका.

फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, बागायतीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. ओले काजू सोलून तोच हात रेटिनॉइडने पातळ झालेल्या गालाला लागला तर फोड आणि मग काळा डाग ठरलेला. हातमोजे घाला, किंवा त्या आठवड्यात रेटिनॉइड थांबवा. लिंबाचंही तसंच. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात. किनाऱ्यावर सोडा-लिंबू पिळल्यावर हात धुवा, आणि बेसन-लिंबाचा लेप ॲसिडच्या जोडीला तर मुळीच नको. शिगम्याचे रंग खेळायच्या आधी तीन-चार रात्री सगळं तापट बंद.

लग्न असेल तर हळदीच्या आदल्या महिन्यात नवीन काही नाही. ओठांवरचं थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करायच्या पाच-सात दिवस आधी तिथलं रेटिनॉइड आणि ॲसिड थांबवा, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याचं वॅक्सिंग नकोच, आणि चेहऱ्याला दुसरं तापट काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाटल्या कुठे ठेवता तेही बघा. बाथरूमच्या दमट हवेत व्हिटॅमिन सी लवकर मरतं. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असलेलं सीरम गडद केशरी-तपकिरी झालं की टाका. छोटी बाटली घ्या, अंधारात ठेवा. बेंझॉइल पेरॉक्साइड उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीत ठेवू नका. उष्णतेने त्याचं विघटन होऊन बेंझीन तयार होतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे.

जळलंच तर

पाणी लावलं तरी चुरचुरतं, चेहरा चकाकतो पण ओढल्यासारखा वाटतो, नेहमीचा मॉइश्चरायझरही आग करतो, म्हणजे वरचा थर गेला. सगळी ॲक्टिव्ह बंद, शांत नायसिनामाइडसुद्धा. कोमट नव्हे, साध्या पाण्याने धुवा. दिवसातून दोन-तीनदा साधा, बिनवासाचा मॉइश्चरायझर, रात्री फाटलेल्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. उन्हात जाऊ नका, गेलात तर छत्री. कोरफडीचं ताजं पान, बर्फ, टूथपेस्ट काही नको. दोन ते चार आठवडे लागतात. मग पूर्वीच्या यादीतलं एकच परत आणा, तेही आठवड्यातून एकदा. पाणी सुटणारे फोड, डोळ्यांभोवती सूज किंवा पसरत जाणारी लाली असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काउंटरवरून जे देता येत नाही

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल, ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन बंद. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्या चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर गर्भ राहू नये. ॲझेलेइक, नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी चालतात.

आणि शेवटी ती "गोरं करणारी" क्रीम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब कोणीतरी सांगितली म्हणून वर्षानुवर्षं लावणाऱ्या बायका आणि पुरुष मी बघते. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळतो, जळजळही होत नाही, कारण स्टेरॉइड ती दाबून टाकतं. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम एक दिवस चुकली की चेहरा पेटतो. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर निळसर-काळी छटा बसते ती वेगळी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती घरोघरी सापडतात. नावात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर त्याच्यावर "काय चालतं" हा प्रश्नच नाही.

ती एकदम बंदही करू नका आणि वर कुठलं सीरमही लावू नका. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे, किंवा तुमच्या गावाजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ट्यूब सोबत न्या. किती महिने लावली, दिवसातून किती वेळा, आणि शेवटची कधी, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात, आणि लाजेपोटी कमी सांगितलं तर औषध कमी करण्याचा वेग चुकतो.